युनिसने जे ऐकलं होतं

टॅनिस गेली त्याला दीड वर्ष झालं, तरी युनिस लिंकलेटर वस्तीच्या हॉलकडे फिरकली नव्हती. त्याआधीची बावीस वर्षं विलो पॉइंटवर लग्न असो, मयत असो, नाहीतर पोरांचा निकाल असो, हॉलमधली चूल तिच्याच ताब्यात असायची. मूस सांबराच्या मटणाचा रस्सा आणि तव्यातली बॅनक रोटी करावी तर युनिसनेच, असं उत्तर कॅनडातल्या क्री आदिवासींची ती अख्खी वस्ती म्हणायची. पण तिच्या मुलाने, कर्विनने, तिच्याच घरात टॅनिसला मारून टाकलं. पोर एकोणीस वर्षांची होती, दोन वर्षं त्याच्याबरोबर युनिसकडे राहत होती. कर्विनने गुन्हा कबूल केला आणि त्याला दक्षिणेकडच्या तुरुंगात नेलं. युनिसला कोणी तोंडावर काही बोललं नाही. दुकानात तिच्या मागे रांगेत उभं राहायचं मात्र लोक टाळायला लागले.

मे महिन्यात तळ्यावरचा बर्फ फुटला आणि डॅनिका तिच्या दारात आली. डॅनिका टॅनिसची मावसबहीण. वस्तीतल्या तरुण पोरांचं काम बघायची, दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा चार दिवसांचा मेळावा भरवायची. ती आत येऊन स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसली. युनिसने चहा ठेवला, पण तिला डॅनिकाकडे मान वर करून बघवेना.

"मावशी, यंदा तू मेळाव्याला यायचंस."

"रस्सा करायला?"

"रस्सा यंदा पोरं करणार आहेत. हिंमत असेल तर खा. तू बोलायला ये."

युनिस म्हणाली, मी काय बोलणार, मला बघूनच पोरी घाबरतील. डॅनिकाने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. पोरी आधीच घाबरलेल्या आहेत, असं ती म्हणाली. वर्षभरात चौघीजणी तिच्याकडे आल्या होत्या, कोणाचा डोळा काळानिळा, कोणाचं मनगट सुजलेलं. चौघींच्याही घरात मोठी माणसं होती, आणि चौघींनीही तेच सांगितलं होतं, की घरच्यांना काही माहीत नाही.

"खरंच माहीत नसतं का गं मावशी?" डॅनिकाने विचारलं.

डॅनिका गेल्यावर तो कप युनिसने तीनदा विसळला.

मेळावा तळ्यात घुसलेल्या टोकावरच्या मोकळ्या जागेत होता. तंबू लागले होते, पोरं लाकडं फोडत होती, पोरी जाळ्यातून मासे सोडवत होत्या. युनिस पहिल्या दिवशी गेलीच नाही. दुसऱ्या दिवशी गेली आणि कडेला एका ओंडक्यावर बसली. पोरांनी केलेला रस्सा सगळ्यांना वाढला गेला. वस्तीतला म्हातारा एल्झियर एक घास खाऊन म्हणाला की मरताना त्या मूसला एवढं वाईट वाटलं नसेल. पोरं खिदळली. युनिसलाही हसू आलं, आणि लगेच तिने तोंडावर हात धरला, कारण समोर हॅरिएट बसलेली तिला दिसली.

हॅरिएट म्हणजे टॅनिसची आई. दोघी एकाच वर्गात शिकलेल्या. हिवाळाभर एकमेकींकडे पत्ते खेळायच्या, शरदात एकाच खोपटात माशांना धुरी द्यायच्या. पोरीच्या दफनानंतर दोघींची गाठ पडली नव्हती.

जेवणं झाल्यावर सगळे गोल करून बसले. एल्झियरने तळ्यातला एक गोटा आणला होता. तो ज्याच्या हातात त्याने बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. गोटा फिरत फिरत युनिसकडे आला. पुढे देऊन टाकावा असं तिला फार वाटलं. पण डाव्या बाजूला एक सतरा-अठरा वर्षांची पोर बसली होती, भर उन्हात लांब बाह्यांचं जाकीट घालून. युनिसला त्या बाह्या दिसल्या.

"पोलिसांना मी सांगितलं की ते दोघं अधूनमधून भांडायचे, सगळेच भांडतात," ती म्हणाली. "ते खोटं होतं. माझी खोली त्यांच्या खोलीला लागून आहे. मला सगळं ऐकू यायचं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी उठून दारापर्यंत गेले. कर्विनचा बापही मला मारायचा. मला वाटलं, आता मध्ये पडले तर कर्विन मला सोडून जाईल. मग मी टीव्हीचा आवाज मोठा केला. नंतर नंतर तर आवाज यायच्या आधीच मोठा करून ठेवायचे. सकाळी ती यायची, मी तिच्यासमोर अंडी ठेवायचे. ती खायची. मला थँक यू म्हणायची."

हॅरिएट उठली आणि पाठ फिरवून पाण्याच्या दिशेने चालत गेली. युनिसने गोटा जाकीटवाल्या पोरीच्या हातात दिला. पोरीने तो पुढे द्यायला इतका वेळ घेतला, की डॅनिका सावकाश उठून तिच्याशेजारी येऊन बसली.

तिसऱ्या दिवशी मोठ्यांना लांब बसवून पोरांनी आपली बैठक घेतली, आणि संध्याकाळी मागणी पुढे केली. त्यांना एक जागा हवी होती, जिथे कधीही जाता येईल आणि आत शिरताना कोणी का म्हणून विचारणार नाही. वस्तीच्या कौन्सिलच्या माणसाने जागेची अडचण सांगायला सुरुवात केली. तेव्हा एक पोरगा उभा राहिला. नर्स राहायची तो जुना ट्रेलर दोन वर्षं रिकामा पडलाय, म्हणाला, छप्पर आम्ही नीट करतो. माणसाने ते लिहून घेतलं.

शेवटच्या दिवशी दुपारी युनिस काठावर पातेली घासत होती. हॅरिएट येऊन तिच्याजवळ उभी राहिली. केस पांढरे झाले होते तिचे.

"मी तुला माफ केलेलं नाही," ती म्हणाली.

"मी माफी मागितलेलीही नाही."

"ती माझ्याकडे आली होती. ती गेली त्याच्या दोन दिवस आधी, दुपारची. पिशवी भरून." हॅरिएट पाण्याकडे बघत बोलत होती. "घरात तेव्हा अकरा माणसं होती. कोचावरसुद्धा दोघं झोपायची. मी म्हटलं, तू कुठे झोपणार गं? आज जा, शनिवारी बघू. माझ्याच गाडीतून तिला तुझ्या दारात सोडलं. उतरताना म्हणाली, मला जमिनीवर चालेल. मी ऐकलं, आणि गाडी वळवली."

युनिसच्या हातातून पातेलं निसटून पाण्यात गेलं. तिला हॅरिएटच्या हाताला हात लावावासा वाटला. लावला नाही.

"हे मला त्या गोलात सांगता आलं नाही," हॅरिएट म्हणाली, "आणि तूही कुणाला सांगू नकोस." मग ती तंबूंच्या दिशेने निघून गेली. पुढे कधी दुकानात दिसली तर मान हलवायची. युनिसच्या घरी ती पुन्हा कधी आली नाही.

ऑगस्टमध्ये ट्रेलर उघडला. पहिल्या आठवड्यात जाकीटवाली पोर आली आणि नऊ दिवस राहिली. मग परत तिला मारणाऱ्या त्याच पोराकडे गेली. सप्टेंबरात पुन्हा आली, तेव्हा मात्र शहरातल्या आत्याकडे जायची बस पकडायलाच बाहेर पडली. युनिस तिथे स्वयंपाक करायची.

कर्विनचा तुरुंगातून फोन आला तेव्हा तिने मेळाव्यात काय सांगितलं ते त्याला सांगितलं.

"तुला ऐकू यायचं, आई?"

"यायचं."

"मला वाटायचं, तुला झोप लागलेली असते." मग त्याने विचारलं, "तिची आई होती तिथे?"

"होती."

"काय म्हणाली?"

युनिसच्या ओठांवर सगळं आलं होतं. दुपार, पिशवी, वळलेली गाडी. ते सांगितलं असतं, तर त्याच्या खांद्यावरचं थोडंसं ओझं उचलून हॅरिएटच्या खांद्यावर ठेवायला त्याला जागा मिळाली असती. तिला स्वतःच्या मुलाला ती जागा द्यायची नव्हती.

"काहीच म्हणाली नाही," युनिसने सांगितलं.

पलीकडून तो रडल्याचा आवाज आला. ती फोन कानाशी धरून ऐकत राहिली, फोनची वेळ संपून लाइन तुटेपर्यंत.