घाटात माझा दम का तुटायचा

मी एक जुनी मोटार आहे, आणि आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी कोणीही विश्वास ठेवणार नाही. नका ठेवू. माझ्या मागे माझ्या मालकिणीची, अंजलीची स्कूटर उभी असते, ती तर माझ्या एकाही शब्दावर ठेवत नाही. आत्तासुद्धा झोपल्याचं सोंग घेऊन ऐकते आहे. ऐकू दे.

मित्रांनो, माझा जन्म एका मोठ्या कारखान्यात झाला. माझ्यासारख्या शेकडो बहिणी त्या दिवशी रांगेत उभ्या होत्या. पण माझं नशीब वेगळं. मला नाशिकच्या हेमंतने घेतलं. हेमंत सिल्वासाजवळच्या सायली गावात एका धाग्याच्या कारखान्यात इंजिनियर आहे. आठवडाभर तो कारखान्याची यंत्रं सांभाळी आणि रविवारी माझं बोनेट उघडून बसे. माझा मूळचा लहान टर्बो काढून त्याने मोठा बसवला. टर्बो म्हणजे गोगलगायीच्या शंखासारखं लोखंडी कवच. त्याच्या आत पंखा असतो. तो इंजिनाच्याच धुरावर गरगर फिरतो आणि इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या कोंबलेल्या हवेच्या जोराला बूस्ट म्हणतात. मोठ्या टर्बोला हवाही गार आणि भरपूर लागते, म्हणून हेमंतने माझा हवेचा फिल्टर इंजिनाजवळून हलवून पुढच्या बंपरच्या खालच्या जाळीमागे नेला. थोडक्यात, माझं नाक जमिनीजवळ आलं.

मग काय विचारता माझा रुबाब. कारखान्याच्या गेटवर पोरं माझे फोटो काढत. एकदा दुधनीच्या रस्त्याला डोंगरावर ढग उतरला होता. मी जोरात श्वास घेतला आणि तो अख्खा ढग गिळला. मागून छत्री उघडून चाललेला माणूस उन्हात उभा राहिला बिचारा. आणखी एकदा खडोलीच्या वळणावर मी इतक्या वेगाने गेले, की माझी सावली माझ्यानंतर घरी पोचली. आम्ही तिच्यासाठी फाटक उघडं ठेवलं होतं.

पण दसऱ्यानंतर माझ्या मागे दुखणं लागलं.

दसऱ्याला अंजलीने माझी पूजा केली. हार घातला, बोनेटवर स्वस्तिक काढलं, बंपरला लिंबू-मिरची बांधली. अंजली हेमंतची बायको. शाळेत गणित शिकवते, आपण कशालाच भीत नाही असं सांगते. हेमंतने पहिल्याच सिग्नलला उतरून लिंबू-मिरची सोडली आणि कडेला फेकली. "पाचशे रुपयांचा हार कमी आहे का, हे आणखी कशाला," म्हणाला आणि हसला. अंजली हसली नाही.

त्यानंतर थोड्याच दिवसांत आम्ही खानवेलच्या चढावर होतो. पुढे बांबू भरलेला ट्रक. हेमंतने पाय दाबला, मी ट्रकच्या बरोबरीला आले, आणि माझा दम तुटला. बूस्टच्या मीटरचा काटा धाडकन खाली आला. समोरून बस येत होती. हेमंतने मला कशीबशी ट्रकच्या मागे परत घेतलं. मागच्या सीटवर त्यांची मुलगी रसिका होती. तिच्या हातातली पाण्याची बाटली सांडली ती तशीच सांडत राहिली. घरी येईपर्यंत ती पोर एक शब्द बोलली नाही.

मित्रांनो, गाडीला लाज वाटत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर तो गैरसमज काढून टाका.

किलवणी रोडवर भावेशभाईचं गॅरेज आहे. त्याने मला तपासलं. तिथे मी ठणठणीत. जागच्या जागी कितीही रेस करा, दम शाबूत. "साहेब, गाडी एकदम बरोबर छे," भावेशभाई म्हणाला. "पाइपचा क्लॅम्प जरा ढिला होता, टाइट केला." आम्ही निघालो. दोन दिवस बरं गेलं, तिसऱ्या दिवशी चढावर पुन्हा तेच. मग रबरी पाइप बदलला. पुन्हा तेच. मग सेन्सर बदलला. पुन्हा तेच, आणि आता चढावरच नाही, सपाटीवरसुद्धा. डॉक्टरसमोर ताप उतरावा आणि घरी आल्यावर चढावा, तशी माझी गत. लोक म्हणत, गाडी नाटकं करते. रसिका माझ्यात बसेनाशी झाली. ती स्कूटरवर जाऊ लागली. तेव्हापासून त्या स्कूटरला शिंगं फुटली आहेत.

शेवटी अंजलीने जेवताना सांगितलं, "पुरे झालं हेमंत. वापीचा भंगारवाला सोमवारी येईल. तो पार्ट सुटे करून घेतो म्हणे, घेऊ दे."

"रविवारपर्यंत थांब. दोष सापडला नाही तर मी स्वतः चावी देईन."

खिडकी उघडी होती. मी खाली उभी राहून ऐकलं. पार्ट सुटे. माझ्या चाकांतली हवा तिथेच अर्धी झाली.

रविवारी सकाळी आम्ही तिघं गॅरेजवर गेलो, म्हणजे हेमंत, अंजली आणि मी. अंजलीला खात्री करून घ्यायची होती, की यावेळी कोणी तिला थापा मारत नाही. ती चहाचा ग्लास घेऊन प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसली. भावेशभाईने माझ्या पाइपांत धूर सोडला. गळती असेल तर धूर बाहेर येतो. कुठूनही आला नाही.

भावेशभाईने कपाळ पुसलं. "साहेब, दम तुटतो तेव्हा शिट्टी ऐकू येते? फुस्स असं?"

"नाही. उलट आवाज कोंडल्यासारखा होतो."

"अरे, मग एवढे दिवस बोलला का नाय? हवा बाहेर जात असेल तर शिट्टी वाजणार. इथे हवा बाहेर जातच नाय. आतच येत नाय."

"फिल्टर तर मी परवाच धुतला."

"तरी काढू."

त्यांनी वरून हात घालून माझा फिल्टर काढला. तो लाल दिसत होता, पण त्याला लावायचं तेलच लाल असतं, म्हणून आजवर कोणाला काही वाटलं नव्हतं. भावेशभाईने तो उन्हात धरून फिरवला. घडीत काहीतरी चमकलं. त्याने नखाने ओढून काढलं. सोनेरी जरीचा धागा.

"साहेब, आ शुं छे, काय आहे हे? गाडीला किनार कोणी लावली?"

हेमंत बघत राहिला. अंजलीचा ग्लास ओठांपर्यंत जाऊन थांबला होता.

"खाली बघा," ती म्हणाली. "जाळीच्या आत."

भावेशभाई गोणपाट टाकून आडवा झाला, जाळीत हात घातला आणि ओढू लागला. देवीच्या लाल चुनरीची पट्टी आली. तिला गाठ मारलेली दुसरी आली. मग तिसरी. "भाभी, आखी साडी आहे की काय आत?"

मी जागेवर उभी असे किंवा सावकाश जाई तेव्हा ती चुनरी खाली लोंबत असे. पण चढावर टर्बो जोरात हवा ओढू लागला, की ती उडून माझ्या नाकाला चिकटे. हेमंतने पाय उचलला की गळून पडे. मला सगळं ठाऊक होतं, पण बोलायचं कोणाजवळ?

"कधी बांधलीस?" हेमंतने विचारलं.

"पहिली दसऱ्यालाच. तुला दिसू नये म्हणून आत. मग तुम्ही खानवेलहून आलात, रसिका तशी गप्प. तेव्हा दुसरी बांधली. गाडीचा दम परत तुटला तेव्हा तिसरी. प्रत्येक वेळी वाटायचं, एक कमी पडली."

"मला सांगायचंस ना."

"लिंबू-मिरचीला हसलास. ह्याला काय केलं असतंस?"

हेमंतने त्या पट्ट्या भावेशभाईच्या हातातून घेतल्या, झटकल्या, घडी केली आणि तिच्या मांडीवर ठेवल्या. दुपारी आम्ही खानवेलचा चढ चढलो. काटा वर गेला तो वरच राहिला. वापीच्या माणसाला नको म्हणून कळवलं. रसिका मात्र अजून माझ्यात बसताना दाराशी क्षणभर थांबते. ते दुखणं कुठल्या पाइपात आहे, हे भावेशभाईलाही सापडलेलं नाही.

म्हणून मित्रांनो, तुमच्या घरच्या गाडीवर माया करा, पण तिचा श्वास मोकळा ठेवा. आणि भीती वाटली तर गाठ मारण्याआधी घरात कोणाला तरी सांगा. आमच्याकडे पाहा. त्या दिवसापासून ह्या घरात कोणी कशाला भीत नाही, आणि माझ्या अंगाला सुताचा एक धागासुद्धा कोणी बांधलेला नाही.

"खोटं," मागून स्कूटर म्हणाली. "ढग गिळलास, सोडून दिलं. सावली उशिरा घरी आली, तेही सोडून दिलं. पण मी तुझ्या मागेच उभी असते. मागच्या बंपरखाली काल संध्याकाळी लाल चुनरी बांधली ती काय मला दिसत नाही? अंजली नुसती उभी राहून 'घट्ट बांध' म्हणत होती. गाठ हेमंत मारत होता."