दाखवायचा पलंग

सकाळी साडेसहाला आम्ही दोघी पलंग ओढत होतो. जहाजाच्या सहाव्या मजल्यावर, काडेपेटीएवढ्या खोलीत, मी अठ्ठावन्न वर्षांची आणि हेडबाई साठीची. माझे गुडघे कुरकुरत होते, पलंगाचे पाय कुरकुरत होते, आणि हेडबाई दबक्या आवाजात मला शिस्त लावत होती.

"उचल, फरफटवू नकोस. गालिच्यावर खुणा उठतात."

"तूच उचल मग. मी दात बनवलेत आयुष्यभर, हमाली नाही केली."

ही आमची सहलीची पहिली सकाळ. हेडबाईच्या भाचीने तिकिटं काढताना दोन वेगवेगळे पलंग सांगितले होते. रात्री जेवून आल्यावर आम्ही ते जोडले. सकाळी खोली आवरणारा माणूस यायच्या आत पुन्हा वेगळे करायचे, हे बोलायचीही गरज पडली नाही. दोन हजार प्रवाशांत आम्हाला ओळखणारं एक कुत्रंसुद्धा नव्हतं. तरीही. सवय हाडीमाशी खिळली की ती सुट्टीवर जात नाही, आपल्याबरोबर तिकीट काढून येते.

घरी आमच्या दोन खोल्या आहेत. बाहेरच्या खोलीत आम्ही राहतो. आतल्या छोट्या खोलीत माझा पलंग आहे. म्हणजे दाखवायचा. त्यावर फुलाफुलांची चादर, उशाशी पाण्याची बाटली, बामची डबी, माझ्या जुन्या चष्म्याचं घर. भांडीवाली आठला येते. त्याआधी मी चादर थोडी चुरगळते आणि उशीला मधोमध एक गुद्दा घालते, म्हणजे डोकं ठेवल्यासारखा खळगा पडतो. चोवीस वर्षं त्या उशीने माझा मार खाल्लाय. भाची आली तरी तिला संध्याकाळच्या बसने परत जावं लागतं, कारण राहायला जागा नाही. दोन खोल्या, दोघींचे दोन पलंग, तिसरं माणूस झोपणार कुठे?

माझं काम कवळ्या बनवण्याचं. तीस वर्षं दातांच्या लॅबमध्ये बसले. माणूस भेटलं की मी आधी त्याचे दात बघते, मग तोंड. हेडबाई गेल्या महिन्यात शाळेतून निवृत्त झाली. तिचे सगळे दात स्वतःचे आहेत आणि त्याचा तिला भारी तोरा आहे. निवृत्तीची भेट म्हणून भाचीने ही सात दिवसांची सहल दिली. 'बरोबर दातमावशीलाही घेऊन जा' म्हणाली. लहानपणापासून ती मला दातमावशी म्हणते.

त्या भेटीबरोबर एक शेपूट होतं. भाचीने नवं घर बांधलंय. वरची खोली मावशीसाठी ठेवलीय. बहीण गेल्यावर हेडबाईनेच या पोरीचं शिक्षण केलं, तेव्हा तिचंही बरोबर आहे. 'आता शाळा सुटली, त्या दोन खोल्यांत कशाला कुजतेस? दातमावशीचंही कोणीतरी असेलच की.' उतरायच्या दिवशी सकाळी ती फोन करणार होती. रंगारी येणार, खोली मावशीची म्हणून रंगवायची की भाड्याला द्यायची, ते त्याला सांगायचं होतं.

हेडबाई तिला म्हणाली होती, "विचार करते."

ही बाई चोवीस वर्षांत कशावरही विचार करते असं म्हणालेली नाही. हो तर हो, नाही तर नाही. म्हणून ते 'विचार करते' माझ्या घशात माशाच्या काट्यासारखं अडकून बसलं होतं. मी तिला काही विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने उत्तर दिलं असतं, आणि त्या उत्तराची मला भीती वाटत होती.

जहाजावर रोज सकाळी दाराखालून एक कागद सरकवत. आज काय काय आहे त्याची यादी. तिसऱ्या दिवशीच्या कागदात, पत्त्यांचे डाव आणि पायांचं मालिश यांच्या मधे, एक ओळ होती: समलिंगी प्रवाशांसाठी चहा, नवव्या मजल्यावर, पाच वाजता. हेडबाईने ती वाचली, कागदाचे चार तुकडे केले आणि केराच्या डब्यात पालथे टाकले. खोली आवरणारा बघेल म्हणून. अहो, तो कागद त्यानेच आणून टाकला होता!

"वारा खाऊन येते," म्हणून मी पावणेपाचला निघाले.

नवव्या मजल्यावर चौदा खुर्च्या होत्या आणि दोन माणसं. दोघे म्हातारे. एक शिंपी, एक न्हावी. सगळे त्यांना भाऊच समजतात, म्हणून त्यांनीही एकमेकांना थोरला आणि धाकटा अशीच नावं ठेवली होती. थोरल्याची खालची कवळी सैल होती, बोलताना टकटक वाजायची.

"ही कोणी बनवली?" मी बसल्या बसल्या विचारलं.

"जाऊ द्या हो, आता तिच्याबरोबरच जायचं," थोरला म्हणाला. "तुम्ही एकट्याच?"

"नाही. ती खाली आहे."

दोघांनी मान हलवली. पुढे काही विचारलं नाही. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. चोवीस वर्षांत पहिल्यांदा 'ती' म्हटल्यावर पुढचं काही जोडावं लागलं नव्हतं.

"तुम्हाला वाटेल आमचं सोपं आहे," थोरला चहा फुंकत म्हणाला. "आम्ही एक्केचाळीस वर्षं सगळ्यांना सांगतोय. इथे रोज जेवायला नवं टेबल, नवी माणसं. भाऊ का? नाही. मित्र? नाही. मग सांगा. मग ते म्हणतात, वा वा, आमच्याही ओळखीत एक आहे. मग त्या ओळखीच्याची सगळी कहाणी ऐका. तोवर सूप गार. कंटाळा येतो हो. कधी वाटतं, म्हणावं भाऊ आणि गप जेवावं."

"परवा म्हणाला की हा," धाकटा म्हणाला.

"मग?"

"मग मी जेवलो नाही."

थोरल्याने कपाकडे बघितलं. कवळीसुद्धा वाजली नाही. मला वाटलं होतं की आपण लपवून लपवून दमलोय आणि सांगणारे मजेत असतील. इथे हे सांगून सांगून दमले होते. बाकीच्या अकरा खुर्च्यांवरची माणसं बहुतेक खाली आपापल्या खोल्यांत कागद फाडत बसली असावीत.

परत आले तेव्हा हेडबाई खिडकीपाशी बसली होती.

"कोण भेटलं?"

"दोन भाऊ," मी म्हटलं. आणि स्वतःचीच जीभ हासडावीशी वाटली.

चौथ्या दिवशी सकाळी आम्ही पलंग वेगळे करून बसलो, तोच दार वाजलं. खोली आवरणारा होता, हातावर टॉवेलांची चळत. त्याच्या मागे सुतार, हातात भलामोठा पाना.

"काकू, दुपारपासून समुद्र खवळणार आहे," सुतार म्हणाला. "पलंग मोकळे ठेवता येणार नाहीत. तुमच्या पलंगांचे खालचे खिट्टे सगळे निसटलेत."

"निसटणारच," खोलीवाला म्हणाला. "रोज सकाळी वेगळे, रोज रात्री एकत्र. गालिच्यावर दिसतं ना सगळं. मला वाटलं, काकूंचं रोज भांडण होतं आणि रोज मिटतं."

तो बिचारा हसत होता. वरचा एक दात किडलेला, बाकी चांगले. माझे कान तापले.

सुतार गुडघ्यांवर बसला. "एकदाच सांगा. एकत्र की वेगळे? मी बोल्ट आवळले की उतरेपर्यंत हलायचे नाहीत."

हेडबाईने माझ्याकडे बघितलं. मी सुताराच्या पान्याकडे बघितलं. मला बोलता आलं असतं. दातखीळ काही बसली नव्हती. पण मला तिच्याच तोंडून ऐकायचं होतं. भाचीच्या खोलीचं उत्तरही त्यातच येणार असं मी मनाशी धरलं होतं.

"वेगळे," हेडबाई म्हणाली. दाखल्यावर सही करताना काढायची तोच आवाज.

सुताराने आठ बोल्ट आवळले. प्रत्येकाला चार वेळा पाना फिरवला. मी मोजले.

समुद्र खरोखर खवळला. दोन दिवस आम्ही खोलीबाहेर पडलो नाही. हेडबाईला उलट्या लागल्या. दोन पलंगांत अडीच हातांचं अंतर, मधे प्लास्टिकची बादली. तिने हात पुढे केला तर माझ्यापर्यंत पोचत नव्हता, माझा तिच्यापर्यंत पोचत नव्हता, आणि उठावं तर खोली भोवऱ्यासारखी फिरायची. पाचव्या दिवशी दुपारी तिचं तोंड पुसून मी पुन्हा माझ्या पलंगावर आदळले, आणि मग मला राहवलं नाही.

"जा तू भाचीकडे. वरच्या खोलीत पलंग एकच असेल. ओढाओढ नको."

तिने भिंतीकडे तोंड केलं.

"मी दमलेय गं," ती म्हणाली.

"आणि मी काय झोपा काढल्यात?"

"रोज प्रार्थनेला उभी राहिले की वाटायचं, आज कोणीतरी पालक विचारणार, तुमच्या घरात राहतात त्या कोण? सदतीस वर्षं नोकरी केली, त्यातली चोवीस वर्षं उत्तर तयार ठेवलं होतं. एकानेही विचारलं नाही."

"काय उत्तर होतं?"

"मावसबहीण."

मला हसू फुटलं, आणि हसताना मळमळलं, म्हणून मीच बादली ओढून घेतली. रडूही आलं असावं. तोंडावर सगळं एकच पाणी होतं.

सहाव्या दिवशी सकाळी पाणी शांत झालं. मी उठले तर हेडबाई आंघोळ करून, कडक इस्त्रीचे कपडे घालून, पायात बूट चढवत होती. चेहरा पांढराफटक.

"कुठे निघालीस? चहा तरी घे."

ती दार उघडून निघालीसुद्धा. मी मागोमाग. ती चौथ्या मजल्यावर चौकशीच्या खिडकीपुढे रांगेत उभी राहिली. पुढे सातजण, मागे पाच, त्यात थोरला आणि धाकटाही, धुवायला दिलेला एक सदरा हरवला म्हणून. थोरल्याने मला नमस्कार केला. हेडबाईने तेही पाहिलं.

खिडकीतली पोरगी म्हणाली, "बोला आजी."

"खोली सहाशे बारा. आमचे पलंग वेगळे बसवलेत. ते जोडून हवेत."

"आजी, उद्या सकाळी तर उतरायचंय. एका रात्रीसाठी सुताराला कुठे... काही अडचण आहे का?"

हेडबाईने माईकशिवाय सहाशे पोरांना गप्प केलेलं आहे. तो आवाज तिने बाहेर काढला.

"अडचण काही नाही. आम्ही दोघी चोवीस वर्षं एकत्र झोपतो. दोन दिवस वेगळं झोपलो, आमच्याने होत नाही."

डोळे मिटावेसे वाटले. आता छप्पर कोसळणार.

काहीही झालं नाही. पोरगीने वहीत लिहिलं, सहाशे बारा, पलंग. "दुपारपर्यंत करून देतो. पुढचे कोण?" मागच्या एका बाईने घड्याळ बघितलं. तेवढंच.

हेडबाई खिडकीपासून हलेना. तिला बहुधा कोणीतरी काहीतरी म्हणायला हवं होतं. मी दंडाला धरून तिला बाजूला घेतलं.

"एवढंच?" तिने मला विचारलं.

"एवढंच," थोरला म्हणाला. कवळी टकटकली. "आता उद्या दुसऱ्या खिडकीवर परत सांगायचं."

सुतार आला, बोल्ट काढले, पलंग जोडले, पुन्हा आवळले. खोलीवाल्याने वर मोठी एकच चादर घातली आणि जाताना म्हणाला, "मिटलं वाटतं." आम्ही दोघी दुपारी तीनला जे आडव्या झालो, ते जेवायलाही उठलो नाही.

शेवटच्या सकाळी साडेसहाला माझे पाय आपोआप खाली आले. पलंगाला गुडघा लावून मी जोर केला. पलंग हलेना. तेव्हा आठवलं. आणि तेवढ्यात फोन वाजला.

हेडबाईने तो कानाला न लावता चादरीवर ठेवला, आवाज मोठा करून.

"मावशी, रंगारी उजाडतानाच येऊन बसलाय," भाची म्हणाली. "वरच्या खोलीचं काय करू?"

"भाड्याने दे. मी येत नाही."

"अगं असं काय करतेस? मग आम्ही यायचं कसं तुझ्याकडे? बाळाला घेऊन संध्याकाळच्या बसने परत फिरायचं? राहायला जागा तरी आहे का?"

"आहे. आतल्या खोलीत राहा. पलंग आहे तिथे."

"तो दातमावशीचा आहे."

हेडबाईने माझ्याकडे बघितलं. या वेळी मी पण बघितलं.

"गादी कोरी आहे," ती म्हणाली. "चोवीस वर्षांत त्यावर कोणी झोपलेलं नाही. ती माझ्याजवळ झोपते."

पलीकडे रंगाऱ्याचा डबा वाजलेला ऐकू आला. कोणीतरी 'ताई, सुरू करू का' म्हणालं आणि भाची त्याला 'थांबा हो जरा' म्हणाली. मी तिथेच, पलंगाला गुडघा लावून, वाकलेल्या कमरेने उभी.

"मावशी," भाची हळूच म्हणाली, "पण मी किती वेळा बघितलंय. उशीला खळगा असतो."

हेडबाईने फोन उचलून माझ्या हातात दिला. "हे तुझं काम. तूच सांग."

"मी घालते," मी म्हटलं. "रोज सकाळी. एक गुद्दा."