वॅगनवरचा ससा

त्या कारखान्यात अमोनियाची वॅगन रिकामी करायच्या कामावर सगळ्यांत भित्रा माणूस नेमायची रीत होती. धीट माणसं दोनदा नेमून पाहिली होती. पहिला गॅसचा मुखवटा कपाळावर चढवून शीळ घालत काम करायचा. त्याला आता कशाचाच वास येत नाही. दुसऱ्याबद्दल बोलायचं नाही असं सगळ्यांचं ठरलं आहे. म्हणून तिसऱ्या खेपेला मुकादमाने उमेदवारांना रांगेत उभं केलं आणि मागून पत्र्यावर हातोडा हाणला. बाकीचे दचकले. एक जण थेट टेबलावर सापडला. तो तिथे चढला कधी, हे कुणी पाहिलं नव्हतं. नेमणूक तिथल्या तिथे झाली आणि नावही पडलं, ससा.

भीती हे कामाचं हत्यार असेल तर सशाचं हत्यार कायम परजलेलं असे. वॅगन येऊन लागली की तो आधी तिचा हातब्रेक आवळायचा, मग उतरून पुन्हा चढायचा आणि पुन्हा आवळायचा. मग पन्नास पावलांवर रुळांच्या मधोमध निळा फलक रोवायचा: थांबा, नळी जोडलेली आहे. फलकाला स्वतःचं कुलूप घालायचा. नियम असा, की ज्याने फलक लावला त्यानेच तो काढायचा, दुसऱ्याने बोटही लावायचं नाही. फलक दिसतोय तोवर इंजिन त्या रुळावर येत नाही. फलक नाही, म्हणजे वॅगन रिकामी झाली, खुशाल घेऊन जा. एवढं झालं की ससा शिडीने वर चढायचा, टाकीच्या माथ्यावरच्या घुमटीचं झाकण उघडून दोन नळ्या जोडायचा आणि वॅगन रिकामी होईपर्यंत तिथून हलायचा नाही. तोही नियमच. त्यापायी तो सकाळपासून पाणी पीत नसे.

त्या दिवशीही सगळं असंच झालं. दुपारी तीनच्या सुमाराला सशाने नेहमीप्रमाणे फलकाकडे नजर टाकली. फलक नव्हता.

त्याने डोळे चोळले. मग दुसऱ्या रुळावर पाहिलं, चुकून तिकडे गेला असेल म्हणून. भीतीने माणसाची अक्कल कुठे कुठे फिरायला जाते याला धरबंध नाही. शेवटी त्याची नजर शेडकडे गेली. तिथे रंगारी स्टुलावर बसला होता आणि फलक बाळासारखा मांडीवर घेऊन त्याला निळा रंग फासत होता.

"अरे ए! तो कुणी काढला?"

"मुकादमांनी!" रंगारी खालून ओरडला. "उद्या तपासणी आहे ना, सुरक्षेची! रंग उडालेला दिसला तर शेरा मारतील म्हणाले!"

"माझं कुलूप होतं त्याला!"

"त्यांच्याकडे दुसरी किल्ली असते! कधी काही झालं तर म्हणून!"

"लाव परत! आत्ताच्या आत्ता लाव!"

"ओला आहे हो! एकच हात झालाय!"

तेवढ्यात वळणापलीकडे इंजिनाचा भोंगा वाजला.

"इंजिन येतंय! पळ, आडवा हो!" तो किंचाळला. रंगाऱ्याला परिस्थितीचं गांभीर्य लगेच कळलं. तो फलक घेऊन जिवाच्या आकांताने पळाला. पण मुकादमाच्या खोलीकडे, ओला लावला तर चालेल का ते विचारायला.

इंजिन वळणावरून समोर आलं. एकटंच होतं, माणसाच्या चालीपेक्षा जरा जास्त वेगात, वॅगन जोडून न्यायला निघालेलं. खिडकीतून ड्रायव्हरचं डोकं बाहेर होतं. ते डोकं सशाच्या ओळखीचं होतं. तो त्याचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ.

दोन वर्षं दोघांत अबोला होता. मेहुण्याने नवं घर घेतलं तेव्हा ससा पाहुण्यांच्या गर्दीत गॅसच्या शेगडीपाशी गेला होता, साबणाचं पाणी लावून जोड तपासायला. एक बुडबुडा आला. सशाने सगळ्यांना उन्हात बाहेर काढलं आणि पाऊण तास आत सोडलं नाही. बुडबुडा साबणाचाच निघाला. तोवर मेहुण्याचे होणारे सासू-सासरे उपाशीपोटी निघून गेले होते, आणि सोयरीक त्यांच्याबरोबर गेली होती.

ससा वॅगनवर उभा राहिला. त्याने गळ्यातली शिट्टी फुंकली आणि दोन्ही हात डोक्यावर नेऊन हलवले. कुणीही असे हात हलवले तर इंजिन थांबवायचं, हे यार्डातल्या कुत्र्यालाही ठाऊक होतं. पण मेहुण्याने फक्त भोंगा वाजवला, कंटाळल्यासारखा. इंजिन येत राहिलं.

दोष कुणाचा म्हणायचा? गेल्या वर्षभरात सशाने ते इंजिन असंच हात हलवून एकोणीस वेळा थांबवलं होतं. एकदा कावळ्यासाठी. एकदा विजेच्या खांबाच्या सावलीसाठी, ती हलली म्हणून. एकदा नळीतून गुरगुर येते म्हणून. ती सशाच्या पोटातून येत होती. दर खेपेला ससा हात हलवायचा, शिडीवरून घसरत खाली यायचा आणि कुंपणापर्यंत पळत सुटायचा. विसाव्या वेळी मेहुण्याने फलक शोधला होता, तो दिसला नव्हता, आणि त्याने निर्धास्त व्हायचं ठरवलं होतं.

मुखवटा चढवताना पट्टा दोनदा सशाच्या कानाला अडकला. पळ, त्याचं सगळं अंग म्हणत होतं. पायांनी तर त्याला न विचारता सुरुवातही केली होती. एक पाय शिडीवर गेला होता. धडक बसली की नळ्या तुटणार, मग पांढरा ढग. उतरायला दहा सेकंद, कुंपण पुढे पन्नास पावलं. तो वाचला असता, वेळ होता. सवयीने त्याने वारा बघितला. पळायचं तर वाऱ्याच्या विरुद्ध पळायचं, हा नियम त्याला झोपेतही पाठ होता. खांबावरची कापडी पिशवी टम्म फुगून कामगारांच्या वसाहतीकडे बोट दाखवत होती. दुसरी रांग, चौथं दार. त्या दाराआड या वेळी त्याची बायको झोपलेली असायची, खिडकी सताड उघडी टाकून. वारा छान येतो म्हणायची.

सशाने पाय शिडीवरून वर घेतला.

फोन फाटकावर जमा होते, वायरलेस मुकादमाच्या टेबलावर चार्ज होत होता. हाताशी फक्त दोन झडपा होत्या. त्या बंद केल्या तर नळ्या तुटूनही नळ्यांतलाच माल सांडणार होता, टाकीतला नाही. एकेक झडप अकरा वेढे. तो घुमटीपाशी गुडघ्यांवर बसला. त्यासाठी त्याला इंजिनाकडे पाठ करावी लागली, आणि आयुष्यात त्याने केलेलं हे सगळ्यांत भयंकर काम होतं. एक. दोन. रूळ थरथरायला लागले, ती थरथर गुडघ्यांतून दातांपर्यंत आली. पाच. त्याला मोठ्याने रडू येत होतं आणि मुखवट्याची काच आतून धुरकटली होती. नऊ. दहा. अकरा. पहिली झाली. दुसरीवर त्याने हात टाकला तेव्हा इंजिन इतकं जवळ होतं की तेलाचा वास मुखवट्यातूनही आल्यासारखा वाटला. चार. पाच.

मागे लोखंड लोखंडावर घासल्याची किंकाळी उठली. लांबच लांब. मग शांतता.

धडक बसलीच नाही. तरीही सशाने मागे पाहिलं नाही, सहा म्हटलं. अकरापर्यंत गेला. मग पाहिलं. इंजिन आणि वॅगन यांच्यात एक माणूस मावेल एवढं अंतर होतं, तोही बारीक.

मेहुणा इंजिनातून उतरला, चार पावलं चालला आणि खडीवरच बसला. थोड्या वेळाने उठला, पुन्हा इंजिनापाशी जाऊन वाकला, काहीतरी खटपट केली आणि मग शिडीने वर आला. त्याचा चेहरा पिठासारखा झाला होता. सशाची बोटं अजून झडपेला चिकटलेली होती. मेहुण्याने ती एकेक करून सोडवली.

"भाऊजी," दोन वर्षांनी तो म्हणाला, "हात तर तुम्ही रोजच हलवता."

सशाने मुखवटा वर केला.

"पण तुम्ही पळाला नाहीत," मेहुणा म्हणाला. त्याचा आवाज मध्येच फाटला. "मी बघतोय, आता पळतील, मग पळतील. आणि तुम्ही खाली बसलात! म्हटलं, आज खरंच काहीतरी आहे."

ससा वाऱ्याच्या पिशवीकडे पाहत होता. मेहुण्यानेही पाहिलं. मग त्याने तिच्या रोखाने वसाहतीकडे पाहिलं, दुसऱ्या रांगेकडे.

"ताईला सांगू नका," तो म्हणाला.

सशाने वाकून खाली इंजिनाच्या चाकांकडे पाहिलं.

"इंजिनाच्या चाकाला पाचर लावलीस?"

"लावली, भाऊजी."

"दोन्ही बाजूंनी?"

मेहुण्याने त्याच्याकडे पाहिलं. एरवी तो हसला असता, नाहीतर दोन शिव्या हासडल्या असत्या. आज तो मुकाट्याने शिडी उतरला आणि दुसऱ्या बाजूची पाचर लावायला गेला.