देवावरचा आळ

काडीची नडगी दुखते हे जगात तिघांनाच माहीत होतं. एक ती स्वतः, दुसरी पाद्रीण आणि तिसरा देव. म्हणून संघातून तिची जागा गेली तेव्हा तिने संशय घेतला तो देवावर.

कुणी म्हणेल, बाई भोळी की खुळी? दोन्ही नव्हती. पण तिच्या जागी असतात तर तुम्हीही तेच केलं असतंत, एवढं ऐकून घ्या आणि मग ठरवा.

काडी हे नाव आईने ठेवलेलं, लहानपणी खाल्लेलं अंगी लागत नसे म्हणून. पुढे ती धावायला लागली, रिलेच्या संघात आली, चौथ्या टप्प्याची धावपटू झाली, आणि त्या नावाला मान मिळाला. तिसऱ्या टप्प्यावर पाद्रीण. हीदेखील काही खरीखुरी पाद्रीण नव्हे. जेवणाआधीची तिची प्रार्थना इतकी लांबायची की ताटातलं सगळं गार होऊन जायचं, म्हणून संघातल्या पोरींनी ते नाव चिकटवलं आणि तिने ते हसत हसत घेतलं. संघातल्या सगळ्याच एका चर्चच्या. प्रशिक्षक, म्हणजे सर, त्याच चर्चमध्ये गाणारे. पण देवाशी पाद्रिणीचं जितकं मेतकूट होतं तितकं कुणाचंच नव्हतं.

रिलेत तिसरीने चौथीच्या हातात बॅटन द्यायचं असतं. चौथीने वळून बघायचं नसतं, कारण बघितलं की वेग तुटतो. आपण पळायला सुरुवात करायची, मागून हाक आली की हात मागे करायचा आणि त्यात बॅटन येणारच असं धरून चालायचं. काडीने वर्षानुवर्षं असा हात मागे केला आणि तो एकदाही रिकामा राहिला नाही. एखाद्या माणसावर डोळे मिटून विश्वास टाकायला आणखी काय लागतं?

सरावाआधी दोघी स्टँडखालच्या सामानाच्या खोलीत जायच्या. तिथे अडथळे एकावर एक रचलेले, भाल्यांचा जुडगा कोपऱ्यात, आणि उंच उडीची एक जुनी फाटकी गादी. त्या गादीवर गुडघे टेकून एकीने मनातलं देवापुढे बोलायचं आणि दुसरीने आमेन म्हणायचं. तिथलं तिथेच राहायचं. अशी अट कुणी घातली नव्हती, घालायची गरजच वाटली नव्हती.

पाद्रिणीचं मागणं ठरलेलं असे. "हे प्रभू, मला शेवटच्या टप्प्याची हाव आहे. ती माझ्या मनातून काढून टाक. तिसऱ्या जागी मला समाधानाने पळू दे." काडी मनापासून आमेन म्हणायची. एकदा तर थट्टाही केली होती तिने. "अगं, खरी हाव असती तर माझ्यादेखत एवढं मोठ्याने बोलली असतीस का?" दोघी हसल्या होत्या. काडी जरा जास्तच हसली होती, हे आता म्हणायचं.

यंदा मोठी स्पर्धा होती, चार वर्षांनी येणारी. पुढची येईपर्यंत काडीचे पाय म्हातारे होणार हे तिलाही ठाऊक होतं आणि सरांनाही. यंदा नाही तर कधीच नाही. आणि नेमकी निवड चाचणीच्या तोंडावर तिची उजवी नडगी ठणकायला लागली. आधी जिना उतरताना, मग सपाट जमिनीवरसुद्धा.

सोमवारी ती गादीवर गुडघे टेकून म्हणाली, "प्रभू, शुक्रवारी चाचणी आहे. त्या दिवशी दुखलं तर मी स्वतः सरांना सांगेन, लपवणार नाही. तेवढं धैर्य मला दे. आणि नाही दुखलं, तर ते तुझं उत्तर समजून मी पळेन." पाद्रिणीने तिची नडगी दोन्ही तळव्यांत धरली आणि अशी काही प्रार्थना केली की डोळ्यांतलं पाणी काडीच्या मोज्यावर पडलं.

शुक्रवारी नडगी दुखली नाही. जराही नाही. काडी सगळ्यांच्या पुढे निघून गेली, आणि कपडे बदलायच्या खोलीत बाकावर बसून आनंदाने रडली. देवाने शब्द पाळला होता.

शनिवारी सरांनी बोलावलं. सर माणूस वाईट नव्हते. गळ्यात शिट्टी, खिशात लहानसं बायबल, आणि चटकन भरून येणारे डोळे. ते तिच्याकडे न बघता शिट्टीची दोरी बोटाला गुंडाळत बसले.

"काडी, मी या निवडीबद्दल खूप प्रार्थना केली. मला अगदी स्पष्ट उत्तर मिळालं. या वेळी तू राखीव राहा. तुझ्या पायाला विश्रांती हवी आहे."

"माझ्या पायाला? काल तर मी पहिली आले, सर."

"आलीस. पण मला उत्तर मिळालंय म्हणतोय ना."

सरांशी काडी वाद घालू शकली असती, हुज्जत घालण्यात ती कुणाला हार जाणारी नव्हती. पण नडगीचं तिने सरांना सांगितलंच नव्हतं. मग त्यांना कुणी सांगितलं? देवाने. त्याच्याशी कुठल्या तोंडाने भांडायचं? चौथ्या टप्प्यावर पाद्रीण गेली, आणि तिसऱ्यावर एक नवीन मुलगी आली. तिला सगळ्या नवीच म्हणायच्या.

त्या दिवशी सामानाच्या खोलीत पाद्रिणीने तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला. "त्याची योजना आपल्याला कळत नसते गं."

"मला एक उत्तर देतो आणि दुसऱ्या दिवशी सरांना दुसरं? मग मला कशाला पळू दिलं? तेव्हाच दुखवायची होती नडगी."

"असं बोलू नये. तुझी इच्छा पूर्ण होवो म्हण. म्हण बघू माझ्यासोबत."

काडीने म्हटलं. पण ते ओठांवरचंच होतं, आणि त्यानंतर तिने देवाशी बोलणं टाकलं. अबोलाच धरला म्हणा ना. ताट समोर आलं की सरळ जेवायला लागायची. चर्चमध्ये सगळ्या डोळे मिटायच्या तेव्हा ही समोरच्या बाईच्या कॉलरची शिवण बघत बसायची. लहानपणापासून ज्याच्याशी बोलत आली त्यानेच केसाने गळा कापला, असं तिला वाटत होतं. वाईट वाटत होतं म्हणणं कमी पडेल. ती आतून करपत होती.

स्पर्धेच्या दिवशी सरावाच्या मैदानाच्या कठड्याशी चर्चमधल्या बायका येऊन उभ्या राहिल्या. पुढे सरांच्या सासूबाई. चर्चमध्ये दर मंगळवारी बायकांची प्रार्थनेची बैठक भरायची, ती या आजी चालवायच्या. कुणाचं काय दुखतं, कुणाचा नवरा बोलत नाही, कुणाचा मुलगा नापास झाला, सगळं त्यांना पाठ. त्यांनी काडीला हाताने जवळ बोलावलं.

"नडगी कशी आहे गं बाळा आता?"

काडी बघतच राहिली. "तुम्हाला कुणी सांगितलं आजी?"

"अगं, तुझ्या मैत्रिणीनेच नाही का प्रार्थनेची विनंती दिली बैठकीत? काय रडत होती बिचारी! आम्ही सगळ्यांनी तुझ्यासाठी प्रार्थना केली. घरी जाऊन मी जावयांनाही सांगितलं, म्हटलं तुम्हीही करा. लेकरू दुखणं लपवून पळतंय."

"कधीची बैठक, आजी?"

"चाचणीच्या आधीची की. तिने सांगितलं नाही तुला?"

तर देवाचा तो स्पष्ट आवाज सासूबाईंचा निघाला. बैठकीत टाकलेली गोष्ट रात्रीपर्यंत सरांच्या जेवणाच्या टेबलावर पोचते हे संघातल्या कुणाला ठाऊक नव्हतं? पाद्रिणीला तर सगळ्यांत आधी. शुक्रवारपर्यंत थांबायचं ठरलं होतं, आणि तिने मंगळवारही जाऊ दिला नाही. शिवाय सरांना मी काहीही सांगितलं नाही, अशी शपथ घ्यायला ती मोकळी. देवाच्या नावाने केलेल्या कामाला पकडायचं तरी कुठून?

काडीच्या मनात पहिल्यांदा काय आलं असेल, तर लाज. तिने देवाची माफी मागितली, तिथेच, कठड्याला धरून. उगाच तुझ्यावर आळ घेतला, म्हणाली. इतक्या दिवसांनी त्याच्याशी बोलताना तिला रडू आलं. आणि मग देवाच्या माथ्यावरून काढलेलं ते सगळं ओझं कुणाच्या माथ्यावर ठेवायचं हे तिला कळलं, आणि रडू थांबलं.

पाद्रीण बुटांच्या नाड्या बांधत बसली होती.

"मंगळवारी बैठकीत तू माझ्या नडगीबद्दल बोललीस?"

तिने मान वर केली नाही. "प्रार्थनेची विनंती दिली. त्यात पाप आहे का?"

"सरांच्या सासूबाईंसमोर?"

"प्रभूसमोर."

"तो तर आपल्या खोलीतच होता की."

पाद्रिणीची नाडी हातातून सुटली. ती पुन्हा बांधत म्हणाली, "तू सरांना सांगितलंच नसतंस."

"ते शुक्रवारी कळलं असतं. आणि नंतर मला पोटाशी धरून देवाची योजना म्हणालीस, ते काय होतं?"

"मला अजूनही तसंच वाटतं," पाद्रीण म्हणाली. आणि खरोखर तिला तसंच वाटत होतं, हे काडीला तिच्या चेहऱ्यावर दिसलं. तेच जास्त लागलं. खोटं बोलली असती तर निदान भांडता आलं असतं.

तेवढ्यात शिट्टी वाजली. संघाची एक रीत होती, सरांनीच पाडलेली. शर्यतीआधी सगळ्यांनी हात धरून गोल करायचा आणि जी पळणार नाही तिने प्रार्थना चालवायची. बाहेर बसणारीला आपण बाहेरचे आहोत असं वाटू नये म्हणून. कल्पना चांगली होती. आजपर्यंत काडीने कधी विचारही केला नव्हता की ती प्रार्थना करणारीच्या पोटात काय होत असेल.

एका हातात नवीचा हात आला, दुसऱ्यात पाद्रिणीचा. सगळ्यांनी डोळे मिटले. काडीने मिटले नाहीत.

"हे प्रभू," ती म्हणाली, "पहिलीची सुरुवात चांगली होऊ दे. दुसरीला वळणावर सांभाळ. नवी घाबरली आहे, तिचे हात स्थिर ठेव. आणि चौथी. चौथीने इतकी वर्षं तुझ्याकडे काय मागितलं ते तुला माहीत आहे. मी प्रत्येक वेळी आमेन म्हटलंय. तिचं मागणं पूर्ण झालं नाही, पण जागा मिळाली. तिला सांभाळ. आमेन."

सगळ्यांनी आमेन म्हटलं. सरांनी डोळे पुसले, छान बोललीस म्हणाले. कुणाला काही कळलं नाही. कळलं ते तिघांनाच. पाद्रिणीने डोळे उघडले आणि आपला हात काडीच्या हातातून काढून घेतला.

राखीव धावपटूने बाकीच्यांचे ट्रॅकसूट सांभाळायचे असतात. काडी चौघींचे कपडे छातीशी धरून कडेला उभी राहिली. पहिली झकास निघाली, दुसरीने वळण नीट काढलं. नवीने बॅटन घेतलं आणि पोरगी अशी सुटली की आपला संघ पुढे आहे हे सगळ्या स्टँडला दिसलं. पाद्रीण पळायला लागली. मागून नवीची हाक आली. आता फक्त हात मागे करायचा होता.

पाद्रिणीने मागे वळून बघितलं.

एवढंच. क्षणभरच बघितलं, पण पाय अडखळला, बॅटन बोटांना लागून निसटता निसटता राहिलं, आणि बाजूच्या तिघी पुढे निघून गेल्या. पदक गेलं. काडीला आनंद व्हायला हवा होता, तर तोही झाला नाही. तिला स्वतःची जागा दिसत होती आणि त्या जागेवर भलतीच बाई पळत होती.

पाद्रीण धापा टाकत आली. तोंड रडून लाल झालेलं. ट्रॅकसूट घ्यायला हात पुढे केला आणि सवयीने, अगदी सवयीने म्हणाली, "माझ्यासाठी प्रार्थना कर गं."

काडीने तिचा ट्रॅकसूट घडी मोडू न देता तिच्या हातावर ठेवला.

"काय मागायचं ते सांग," ती म्हणाली. "मंगळवारी बैठकीत विनंती देते."

मग ती नवीकडे वळली. पोरगी घामाने भिजून वाऱ्यात कुडकुडत उभी होती, तिला आधी काहीतरी अंगावर घालायला हवं होतं.