अर्धं स्वयंपाकघर

बाबांच्या मागे जे काही उरलं त्यात एक स्वयंपाकघर होतं, आणि तेही अर्धंच. वहीच्या पानाएवढी फळी. तिच्या डाव्या अंगाला नखाएवढ्या लाद्यांची फरशी, एक तांबडी, एक पांढरी, पुन्हा तांबडी. उजव्या अंगाला नुसतं लाकूड. दोहोंच्या मधे पायऱ्यापायऱ्यांची कड. बाबा तिथपर्यंत पोचले होते.

नोकरीत असताना ते दिवसभर पाणीखात्यात नळांचे नकाशे काढत आणि संध्याकाळी बाहुल्यांच्या पायांखाली फरशी घालत. माती मळायची, लाटायची, कापायची, वाळवायची, मागच्या खोलीतल्या टीचभर विजेच्या भट्टीत भाजायची. फरशी खरी वाटली पाहिजे म्हणून एखादीचा कोपरा मुद्दाम उडवायचे, चुलीपुढच्या दोनचार मुद्दाम झिजवायचे. "नव्या फरशीवर कुणी राहत नसतं," असं म्हणायचे. आई म्हणायची, "या घरातल्या खऱ्या फरशीचा टवका बुजवायला मात्र यांना वेळ नाही."

हे अर्धं स्वयंपाकघर मोठ्या बाईंचं होतं. मोठ्या बाई म्हणजे लेकीच्या शाळेच्या मुख्याध्यापिका. निवृत्त होऊन जमाना झाला, पण ओळखीचे सगळे त्यांना अजून मोठ्या बाईच म्हणत, आणि त्या समोर आल्या की सगळ्यांचे खांदे आपोआप सरळ होत. त्यांचं बाहुलीघर दोन मजली होतं आणि त्याला त्या सरळ 'माझं घर' म्हणत. बाबा गेल्यावर त्या भेटायला आल्या, आईचा हात हातात घेऊन बराच वेळ बसल्या, आणि मग उठता उठता विषयावर आल्या.

"वाईट वाटतं बोलायला, पण माझ्या घरातली माणसं कधीची दिवाणखान्यात ताटकळत उभी आहेत. त्यांना जेवायला घालायचं कुठे?"

"उरलेली फरशी मी करते, बाई," लेक म्हणाली. बोलून गेल्यावर तिलाच नवल वाटलं. ती ग्रंथालयात काम करायची. तिच्या हातून आजवर पुस्तकाच्या कव्हराखेरीज काही धड झालं नव्हतं.

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "हस्तकलेत तुला किती मार्क पडायचे, आठवतं?"

"आठवतं."

"मलाही आठवतं. म्हणूनच विचारलं." त्यांनी फळीवरून बोट फिरवलं. "हे बघ, दोन हातांची फरशी म्हणजे सदऱ्याला ठिगळ. महिनाअखेरीला येते. सांधा कुठे आहे ते मला दिसलं, तर सगळं उचकटून टाकीन आणि छापील कागदाची फरशी चिकटवीन. फळी माझी आहे."

यात त्यांचं काही चुकत नव्हतं. फळी खरंच त्यांची होती. पण त्यावरच्या लाद्या एकदा डिंक धरला की अख्ख्या निघत नाहीत, चुरा होऊन निघतात, हे लेकीला माहीत होतं. बाबांच्या हातचं ते शेवटचं काम. तिने ग्रंथालयातून रजा काढली.

"देऊन टाक ना तशीच," आई म्हणाली. "अर्धी तर अर्धी." बाबा गेल्यापासून आई घरात दबक्या आवाजात बोलायची, शेजारच्या खोलीत कुणी झोपलेलं असावं तशी.

बाबांची माती बादलीत ओल्या फडक्याखाली होती, तांबडी वेगळी, पांढरी वेगळी. लेकीने बाबांची एक लादी आपल्या पट्टीने मोजली, तेवढ्याच मापाच्या लाद्या कापल्या, वाळवल्या, भाजल्या. मांडून पाहिल्या तर भिंतीच्या कडेला एवढी फट उरली की बाहुलीघराच्या मापाचं मांजर आरामात आरपार गेलं असतं. वर कडा वाळल्या पानासारख्या वळल्या होत्या, ते वेगळंच.

अडलं की वाचायचं, ही तिची जन्माची सवय. मातीवरची मिळतील तेवढी पुस्तकं तिने घरी आणली. कळलं ते असं, की माती पाणी सोडते आणि आकसते, साधारण दहावा हिस्सा. आणि वळू नये म्हणून दोन फळ्यांमधे दाबून वाळवावी लागते. हे ज्ञान तिला फार आवडलं. आता नुसता हिशोब तर करायचा होता. तिने माप दहाव्या हिश्शाने वाढवलं, आणि या खेपेला आपली पट्टी बाजूला ठेवून बाबांच्या खणातली लाकडी पट्टी घेतली. तिच्यावर त्यांनी स्वतः बारीक निबाने रेघा ओढल्या होत्या. त्यांच्या पट्टीने मोजलं तर त्यांचा थोडासा हात आपल्या हाताला लागेल, असं काहीतरी तिच्या मनात होतं. ते तिने कुणाला सांगितलं नाही.

या वेळी लाद्या मोठ्या झाल्या. थोड्याथोडक्या नव्हेत; शेवटची रांग भिंतीबाहेर, बाईंच्या अंगणातच पडली असती.

"आधी लहान, आता मोठ्या," आई दारातून म्हणाली. "मधलं काही जमतं का बघ."

मधलंही जमेना. एकदा अंदाजाने कमी केलं तर तिरपं आलं, एकदा भट्टी तापून तांबड्याचा काळा झाला. बाबांच्या मातीने आपल्याशी अबोला धरलाय, अशी तिची खात्री होत चालली. महिना सरत आला होता.

अशात एक दिवस शिंपी आला.

या घरातले पडदे कायम आखूड असत, वाढत्या वयाच्या मुलांच्या विजारींसारखे. खिडकीच्या खालच्या पट्ट्यातून उन्हाने आत यायचं आणि शेजाऱ्यांनी आत बघायचं, हे ठरलेलं. आईच्या मते याचं कारण एकच, शिंपी कापड खातात. याच कारणावरून आजवर तीन शिंपी सोडून झाले होते. हा चौथा. बाबांच्या खोलीच्या खिडकीला त्याने नवा पडदा शिवून आणला होता. त्याने तो दांडीवर चढवला, दोन पावलं मागे सरला, आणि त्याचा चेहरा पडला. पडदा पाचसहा बोटं वरच राहिला होता.

"परत," आई म्हणाली.

"परत कसं? मी तुमच्याकडे पहिल्यांदाच शिवतोय, काकू."

"तुमच्या आधीचेही असंच म्हणायचे."

"अहो, तुम्ही सांगितलंत तेवढाच आहे. हा घ्या टेप, मोजा."

"तुमच्या टेपने तुमचंच खरं होणार."

"मग तुम्ही ज्याने मोजता त्याने मोजा. मी काय पळून चाललोय?"

आई टेबलापाशी आली, लेकीच्या हातातली लाकडी पट्टी "दे गं जरा" म्हणून काढून घेतली, आणि खिडकीला लावून वरून खाली मोजत गेली. आईने सांगितलेलं माप अगदी बरोबर निघालं. शिंप्याने टेप सोडला. टेपने खिडकी चांगली पाचसहा बोटं लांब निघाली.

तिघंही खिडकीकडे बघत राहिली. खिडकी जागच्या जागी होती.

शिंप्याने पट्टी हातात घेऊन टेपशेजारी धरली, उलटसुलट केली. "काकू, ही पट्टी कुठल्या दुकानातली? मला तिथून कापड घ्यायचंय."

लेकीने आपली पट्टी दुसऱ्या बाजूला लावली. बाबांच्या पट्टीवरचा प्रत्येक सेंटिमीटर थोडा मोठा होता. थोडा म्हणजे दहावा हिस्सा. माती आकसणार म्हणून त्यांनी हिशोब पट्टीतच घालून ठेवला होता. प्रत्येक वेळी वेगळा करायला नको. आणि तिने त्यावर पुन्हा आपला हिशोब चढवला होता. काखेत कळसा म्हणतात तो हाच.

"आई, ही पट्टी मातीची आहे," ती म्हणाली. "म्हणजे मातीसाठी आहे. ओल्या मातीसाठी. पडद्यांसाठी नाही."

आई खुर्चीवर बसली. आता आई रडेल, असं वाटून लेक घाबरली.

"लग्नाला वर्ष झालं तेव्हापासून," आई म्हणाली, "मी खिडक्या याच पट्टीने मोजते."

"बाबांच्या लक्षात आलं नसेल."

"नळाच्या नकाशात केसाएवढी चूक दिसायची त्यांना. बायको हातातून पट्टी घेऊन जाते ते दिसलं नसेल? मी म्हणायची, बघा हो, परत आखूड. तर मान डोलवून म्हणायचे, शिंपी लोक असेच. हातात हीच पट्टी धरून." तिचा आवाज चढत चढत जिन्यापर्यंत गेला. "त्या पहिल्या शिंप्याचं मी लग्नकार्यात तोंडसुद्धा पाहिलं नाही. बिचारा शेवटपर्यंत मला नमस्कार करायचा. आणि हा माणूस शेजारी उभा राहून मूग गिळून गप्प. का, तर आधी सांगितलं नाही म्हणून बोलणी खावी लागतील. जितकी वर्षं गेली तितकी बोलणी वाढली, म्हणून पुढेही गप्प. मी ओळखत नाही का त्यांना?"

"माझा त्या तिघांशी काही संबंध नाही," शिंपी हळूच म्हणाला, "पण त्यांच्या वतीने चहा घेईन."

त्याला चहा मिळाला, माफी मिळाली, आणि टेपने नव्याने माप घेण्याची परवानगी मिळाली. तो गेल्यावर आईने पदर खोचला.

"दे ते लाटणं. आण ती माती."

"तू?"

"मग काय तुझी वाट बघू? हिशोब करशील अजून."

राग लाटायला फार उपयोगी पडतो. आईच्या हाताखाली माती अशी एकसारखी पातळ झाली की लेक बघत राहिली. आई लाटत होती आणि बाबांचा एकेक अपराध काढत होती. पडद्यांनंतर छत्र्या निघाल्या, ते विसरून येत त्या. मग तो पाहुणा निघाला, ज्याला ते "कधीही या" म्हणाले आणि तो खरंच आला. लेक बाबांच्या पट्टीने, काही न वाढवता, काही न घटवता, लाद्या कापत होती आणि ऐकत होती. यातलं निम्मं तिला ठाऊक नव्हतं. आई कुणाला तरी तोंडावर बोलावं तशी बोलत होती, आणि ते कुणी नुकतंच बाहेर चहाला गेलं असावं असं वाटत होतं.

लाद्या दोन फळ्यांमधे ठेवून वर मातीवरची सगळी पुस्तकं रचली. "झाला बाई एकदाचा उपयोग," आई म्हणाली.

भाजून निघाल्या त्या बरोबर मापाच्या होत्या. पहिली लादी लेकीने चिमट्यात धरून बाबांच्या शेवटच्या लादीच्या खाचेत सोडली. ती बसली. तिला तिथे यायचंच होतं, अशी बसली. मग दुसरी, मग रांग. चुलीपुढच्या दोन तिने बारीक कागदाने झिजवल्या. एकीचा कोपरा उडवायचा होता, तो चिमटा निसटून आपोआप उडाला.

दरजा, म्हणजे दोन लाद्यांमधल्या भेगा, सगळ्यात शेवटी भरायच्या आणि सगळ्या फरशीच्या एकदम भरायच्या. बाबांनी म्हणूनच आपल्या बाजूच्याही भरल्या नव्हत्या. लेकीने राखाडी लगदा बोटाने कडेपासून कडेपर्यंत चोपडला, आईने ओल्या फडक्याने पुसला, जुनी दिसावी म्हणून वर चहाच्या पाण्याचा पातळ हात फिरवला. लगदा भराभर सुकतो. थांबून बघायला उसंत नव्हती.

सकाळी लेकीने वर झाकलेलं फडकं उचललं. कुणाच्या तरी रोजच्या राबत्यातलं स्वयंपाकघर समोर होतं. तिने बाबा जिथे थांबले होते ती कड शोधली. डावीकडून मोजत आली, उजवीकडून मोजत आली. पायऱ्या कुठेच नव्हत्या. ज्याच्यासाठी सगळा खटाटोप केला ते बाबांचं अर्धं सुखरूप होतं, आणि कुठे होतं ते तिला सांगता येत नव्हतं. ती फळी उजेडात तिरपी धरून तशीच उभी होती, तेवढ्यात दाराची घंटा वाजली.

मोठ्या बाई भिंग घेऊन आल्या होत्या. खुर्ची खिडकीपाशी ओढून त्यांनी फळी मांडीवर घेतली. पेपर तपासतानाची तीच शांतता पसरली.

"हा सांधा," बाई शेवटी म्हणाल्या. चुलीच्या अलीकडच्या रांगेवर त्यांचं बोट होतं.

"नाही बाई. तिथे दोन्हीकडे माझ्याच आहेत." लेक वाकली. "बहुतेक."

"काहीतरीच," आई म्हणाली. "तिथे यांच्या आहेत. तुझ्या त्या पलीकडे."

"पलीकडे तर टवक्याची आहे. ती बाबांची."

"टवक्याची तुझी. चिमटा निसटला तेव्हा ओरडली नाहीस का?"

"तो दुसरा टवका."

बाईंनी भिंग खाली केलं. "म्हणजे तुम्हा दोघींनाही माहीत नाही?"

लेकीने पुन्हा एकदा फरशीकडे पाहिलं. "नाही, बाई," ती म्हणाली. "मला सापडत नाही."

बाईंचं समाधान झालं नव्हतं. त्यांनी पर्स उघडली आणि रुमालात गुंडाळलेली एक बाहुली काढली. आंगठ्याएवढी, अंबाडा घातलेली, कमरेत जरा रुंद. "या काकू. यांच्या पायाला सगळं कळतं. जमीन जराशी उंचसखल असली की कलंडतात."

त्यांनी काकूंना दारात उभं केलं आणि बोट काढून घेतलं. काकू उभ्या राहिल्या. मग बाईंनी त्यांना एक लादी पुढे ठेवलं. पुन्हा बोट काढलं. मग पुढची तांबडी, मग पुढची पांढरी. आईने स्वतःच्याही नकळत लेकीचं मनगट धरलं होतं. मधोमध आल्यावर काकू किंचित डुलल्या, बाईंची भुवई वर गेली, आणि काकू पुन्हा थाऱ्यावर आल्या. तिथेच कुठेतरी त्यांनी बाबांच्या हातची फरशी सोडून लेकीच्या फरशीवर पाय ठेवला असणार. काकूंच्या चेहऱ्यावर काहीच दिसलं नाही. त्या तशाच एकेक लादी पुढे जात चुलीपाशी पोचल्या आणि उभ्या राहिल्या.

बाईंनी भिंग मिटून पर्समधे टाकलं.

"इतक्या हळू चालल्या," आई म्हणाली, "तर दिवाणखान्यातली माणसं जेवायला बसणार कधी?"