पुजलेलं कुलूप

कुंडलजवळच्या आमच्या शिलाई कारखान्यात परदेशातल्या बायकांसाठी टॉप शिवतात. त्या बायका संडासाला कधी जातात हे त्यांना कोणी विचारत नसेल. आम्हाला मात्र सुपरवायझर उदयसिंहाकडे किल्ली मागावी लागे. "आत्ताच तर गेलीवतीस!" हे तो सगळ्या लाइनला ऐकू जाईल असं म्हणे.

म्हणून आम्ही पाणीच पीत नव्हतो. पण संयोगिताला सातवा महिना. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, पाणी भरपूर पी, लघवी तुंबवू नकोस, बाळाला धोका आहे. तरी पोरगी लाजेपोटी दिवसभर कोरडे ओठ चाटत शिवायची. मला आधी तिचा राग यायचा, मग स्वतःचा.

खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे खुरप्यापासून ट्रॅक्टरपर्यंत सगळी हत्यारं पुजतात, आणि पुजलेलं हत्यार दसरा होईपर्यंत कोणी हलवत नाही. पण ऑर्डर निघायची होती. मशिनी पुजल्या तर बंद ठेवाव्या लागतील, या धास्तीनं उदयसिंह म्हणाला, "मशिनी न्हाईत. कुठलंबी एक हत्यार पुजा अन् कामाला लागा."

"कुठलंबी?" तानुबाईनं विचारलं. काज-बटणावर बसणारी ही आमच्यातली सगळ्यात जुनी बाई.

"कुठलंबी, मावशी. लय येळ खाऊ नका."

तानुबाई किल्ली मागून जाऊन आली. मग तिनं पाट मांडला, त्यावर झेंडूचा ढीग केला. उदयसिंह फोनवर बोलतच आला, नारळ फोडला, हात जोडले. तेव्हा कुठे तिनं फुलं जराशी सरकवली. खाली हळदीकुंकवानं माखलेलं संडासाचं कुलूप, किल्लीसकट.

उदयसिंहाचं तोंड बघण्यासारखं झालं. त्याच्या घरी तीन पिढ्या मिलिटरीत, पुजलेल्या तलवारीला बोटही न लावणारी माणसं.

"ह्ये काय हत्यार हाय व्हय?"

"आवं साहेब, आमच्यावर तर ह्येच चालतंय की," तानुबाई म्हणाली.

त्या दिवशी दार उघडंच राहिलं. संयोगिता बाटलीभर पाणी एका दमात प्याली, आणि मला इतकं बरं वाटलं की शिवण वाकडी गेली.

दसऱ्याची सुट्टी संपली. उदयसिंह सकाळी कुलूप उचलायला आला, तर आम्ही साऱ्या पाटाभोवती उभ्या.

"उचला की," तानुबाई म्हणाली. "फकस्त कशापायी उचलताय ते देवीला मोठ्यानं सांगा. रीत हाय ती."

अशी रीत पंचक्रोशीत कुठे नाही. बाईनं ती उभ्या उभ्या रचली होती. पण आम्ही गंभीरपणे माना डोलावल्या. मी तर "आमच्या माह्यारीबी हाय" अशी पुस्ती जोडली.

उदयसिंह वाकला. "आई जगदंबे," त्यानं सुरुवात केली, "ह्ये कुलूप मी..."

समोर संयोगिता पोटावर हात ठेवून उभी. त्याचा हात कुलपापाशीच थांबला. सांगणार तरी काय, या पोरीला आत जाता येऊ नये म्हणून? त्यानं पुन्हा सुरुवात केली, पुन्हा तिथंच अडला. कान लाल झाले. मागे एकही मशीन चालू नव्हती.

"जावा," शेवटी तो खाली बघत पुटपुटला, "ज्यास्नी जायाचंय त्यांनी..."

त्याचं बोलणं संपायच्या आत संयोगिता गेलीसुद्धा. तिच्यामागून आम्ही सगळ्या गेलो, लागली असो वा नसो.