माझ्या अंगावरचा मालधक्का

मी एक जुना दरवाजा आहे. पण मित्रांनो, मला भेटायला आलात तर चौकटीत शोधू नका. मी पुढच्या खोलीत, खिडकीखाली, दोन घोड्यांवर आडवा पडलोय आणि माझ्या पोटावरून दिवसातून चार वेळा मालगाडी जाते. घोडे म्हणजे सुताराचे, लाकडी. खरे असते तर एव्हाना पळून गेले असते.

मला एका सुतारानं जाड फळ्या जोडून घडवलं. तीन बिजागऱ्या दिल्या, पितळी कडी दिली आणि पाठीवर थाप मारून म्हणाला, हा आता जन्मभर हलायचा नाही. दरवाजाचा धंदाच मुळी हलण्याचा. पण कौतुक करताना माणसं फार विचार करत नाहीत.

मला बसवलं दोन खोल्यांच्या मध्ये. बाहेरची खोली धक्केकाकांची, आतली शिवणकाकूंची. दोघं नवरा-बायको. त्यांना आडनाव आहे, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. काका रेल्वेच्या मालधक्क्यावर कारकून होते, म्हणजे जिथं मालगाड्या थांबतात, पोती उतरतात आणि कुणाचं पोतं कुठं गेलं यावर दिवसभर वाद चालतो तिथं. काकू घरी बायकांचे कपडे शिवतात. कुणाला कपडा घालून बघायचा असला की त्या मला आतून लावून घ्यायच्या. हे माझं रोजचं काम.

खरं मोठं काम वेगळंच होतं. या घरात माझ्याशिवाय भांडण पुरं व्हायचं नाही.

भांडण कशावरूनही निघायचं. ओला टॉवेल, उघडी खिडकी, आणि काकांनी काकूंच्या कात्रीनं पुठ्ठा कापला असेल तर मग विचारूच नका. काकू दोन वाक्यं बोलायच्या. तिसरं बोलायच्या नाहीत. वळायच्या, आत जायच्या आणि मागं न बघता उजव्या हातानं मला धाडकन आपटायच्या. भिंतीवरचं कॅलेंडर पडायचं. काका ते उचलायचे, थोडा वेळ येरझाऱ्या घालायचे, चहा टाकायचे आणि बोटाच्या पेरानं मला दोनदा वाजवायचे.

"कोण आहे?" आतून यायचं. घरात माणसं दोन, त्यातलं एक आत. तरी काका दर वेळी इमानदारीत सांगायचे, "मी आहे."

"काय काम आहे?"

"चहा निवतोय."

मग जरा वेळानं कडी निघायची. एकतीस वर्षांत त्या दोघांनी एकमेकांची माफी मागितलेली मी ऐकली नाही. गरजच पडली नाही, ते काम माझ्याकडे होतं. मला मात्र वाटायचं, काय हे नशीब, उठसूट मार खायचा. मित्रांनो, आपल्या कामाची किंमत आपल्यालाच कळत नसते ती अशी.

काका निवृत्त झाले. सगळी नोकरी झाली पण एक मालगाडी वेळेवर आलेली पाहिली नाही, ही त्यांची सल. म्हणून त्यांनी स्वतःची रेल्वे काढली. बोटभर इंजिन, काड्यापेटीएवढ्या वाघिणी, म्हणजे मालाचे डबे. गाडी नुसती गोल फिरून त्यांचं समाधान होईना. त्यांना अख्खा मालधक्का हवा होता. पाच लाइनी, गोदाम, क्रेन, सगळं. त्यासाठी आणलेला पातळ बोर्ड आठवड्यात वाकला आणि साऱ्या वाघिणी आपसूक एका कोपऱ्यात जमल्या, ऑफिसात चहाच्या वेळी माणसं जमतात तशा. गल्लीतला सुतार म्हणाला, काका, जाड, सपाट, मुरलेलं लाकूड बघा. काकांनी इकडंतिकडं बघितलं. मी उभाच होतो.

काकू दोन दिवस बहिणीकडं गेल्या होत्या. काकांनी माझ्या बिजागऱ्यांना तेल घातलं. एरवी मी झुरळ गेलं तरी कुरकुरणारा. त्या दिवशी अवाक्षर काढलं नाही. खरं सांगतो, मी हरखलो होतो. जन्मभर उभं राहून वैताग आला होता. आता आडवं पडायचं, अंगावरून रेल्वे जाणार, लोक बघायला येणार! मी जागेला जास्त होतोय म्हणून काकांनी मला खालून वीतभर कापलं, तेव्हा दुखलं. पण मोठेपणासाठी लोक याहून जास्त कापून घेतात.

काकू परत आल्या आणि हातातली पिशवी तशीच धरून रिकाम्या चौकटीत उभ्या राहिल्या. काका म्हणाले, दोन दिवसांत नवीन बसवतो. ते मालधक्क्यावरचे दोन दिवस होते. तीन महिने झाले. मधल्या काळात काकूंनी स्वतःच एक झालरीचा पडदा शिवून टांगला. कपडा घालून बघायला आलेल्या बायका तो दोन्ही हातांनी धरून ठेवायच्या, मग माप कुणी द्यायचं हा प्रश्न. दोन गिऱ्हाइकं यायचीच बंद झाली. काकू रोज एकदा आठवण करायच्या. काका हो म्हणायचे. रुळांत इतके बुडाले होते की भांडायलासुद्धा हजर नसायचे.

माझा थाट मात्र वाढत होता. कडीच्या भोकात क्रेन बसली. तारांसाठी बत्तीस भोकं पाडली. रुळांमधली खडी म्हणून काकांनी डब्यातली मोहरी अंथरली, पातळ डिंक करून ड्रॉपरनं थेंब थेंब सोडला आणि वर रोज पाण्याचा फवारा मारला, डिंक नीट मुरावा म्हणून. पाचव्या दिवशी मालधक्क्याला कोंब फुटले. इंजिन हिरवळीत अडकलं. काकू म्हणाल्या, कापणी कधी आहे ते सांगा, विळा आणते. काका खूश. खऱ्या धक्क्यावरही गवत असंच होतं म्हणाले.

मग उद्घाटन ठरलं. काकांचे दोन जुने सोबती आले, एक निवृत्त गार्ड आणि एक निवृत्त सांधेवाला, म्हणजे रुळांचे सांधे बदलून गाड्या वळवणारा. गार्डनं हिरवी झेंडी घरून आणली होती. आत शाळेच्या मुख्याध्यापिका नवा ड्रेस घालून बघत होत्या, अंगभर टाचण्या, एक बाही लावलेली, एक हातात.

जागा कमी पडल्यामुळं पाचवी लाइन पडद्याला अगदी चिकटून गेली होती. गाडी निघाली, टाळ्या पडल्या, आणि शेवटच्या वाघिणीचा आकडा पडद्याच्या झालरीत अडकला. इंजिन जागच्या जागी घुरघुरायला लागलं. काकांनी करंट वाढवला. सांधेवाला म्हणाला, थांबा, अशा गाड्या मी रोज सोडवल्यात. त्यानं वाघीण धरून जोरात ओढली. वाघीण सुटली नाही. पडदा सुटला, दांडीसकट.

समोर मुख्याध्यापिका, दोन्ही हात पसरून. गार्ड गडबडला आणि सवयीनं त्यानं झेंडी दाखवली. मुख्याध्यापिकाही सवयीनंच म्हणाल्या, "उभे का? खाली बसा." तिघेही निवृत्त कर्मचारी खाली बसले.

काकू बाहेर आल्या. "तीन महिने रोज सांगतेय. माझ्या खोलीला दार हवंय." दोनच वाक्यं. मग वळल्या, आत गेल्या, आणि मागं न बघता उजवा हात जोरात मागं फेकला.

तिथं काही नव्हतं. हातापाठोपाठ काकू स्वतःच गर्रकन फिरल्या आणि कापडांच्या ढिगावर बसल्या.

गार्ड हसला, सांधेवाला हसला. आणि मित्रांनो, काकाही हसले. वाईट मनानं नाही. पण हसले. काकूंनी ते बघितलं. मी हातभर अंतरावर होतो, पोटावर बारा वाघिणी घेऊन.

सगळे गेल्यावर काकांनी चहा केला आणि कप घेऊन चौकटीशी आले. वाजवायला बोट उचललं आणि तसंच राहिलं. समोर काकू बसल्या होत्या, त्यांच्याकडेच बघत. डोळ्यांसमोरच्या माणसाचं दार कसं वाजवणार? काकू म्हणाल्या, "ठेवा तिथं. घेते मी."

दुसऱ्या दिवशी काकांनी न सांगता मालधक्का उकलला आणि मला परत चौकटीला लावून बघितलं. खालून वीतभर पाय दिसत होते, आणि बत्तीस भोकांतून उजेड आत येत होता. मी जीव तोडून ताठ उभा राहिलो, पण वीतभर लांबी ताठ राहून वाढत नाही. काकू म्हणाल्या, "असू दे. तुमची हौस आहे, पुन्हा मांडा." त्या इतक्या गोड बोलल्या की काकांच्या हातातला स्क्रू ड्रायव्हर खाली पडला.

आता तिथं नवीन दरवाजा आहे. गुळगुळीत, पोकळ, वर स्प्रिंगचा हात. कितीही जोरात ढकला, तो सावकाश, पाहुण्यासारखा मिटतो. पण काकूंनी तो एकदाही आपटून बघितलेला नाही. मी पुन्हा घोड्यांवर आलोय. सगळ्या गाड्या वेळेवर सुटतात. गल्लीतले लोक बघायला येतात, माझ्यावरून हात फिरवतात आणि जाताना म्हणतात, काय शांत घर आहे हो तुमचं.

परवा काकांनी काकूंना गाडी चालवायला बोलावलं. त्या आल्या. बटण जरा जास्त फिरलं आणि एक वाघीण खाली पडली. दोघं एकदमच म्हणाले, "सॉरी." मग काकू "छान आहे" म्हणून आत गेल्या. काका बराच वेळ नव्या दरवाजाकडे बघत बसले. तो मिटला होता, पण आतून लावलेला नव्हता. असा दरवाजा कुणी वाजवत नाही.

मित्रांनो, कुणाच्या घरातली जुनी वस्तू उचलण्याआधी, ती रोज वापरणाऱ्याला विचारा. लाकूड किती मुरलंय ते सुतार सांगेल. त्या वस्तूच्या जिवावर घरात काय चाललंय, ते त्याला माहीत नसतं. आणि कधी एखाद्या माणसाचा हात सवयीनं नसलेल्या वस्तूकडे गेला आणि तो धडपडला, तर हसू नका. त्याला नीट उठू द्या, आणि मग ती वस्तू कुणी नेली ते विचारा. त्या दिवशी त्या खोलीत हे विचारणारं कुणी नव्हतं. मला उत्तर माहीत होतं, पण दरवाजाला कुणी विचारत नाही.